वर्महोलमधलं वर्म

प्रश्न आला आहे तो थोडक्यात असा: "विज्ञानकथांमध्ये एका विश्वातून दुसऱ्या विश्वात जायचं दार म्हणून वर्महोल येतं. त्यात किडा कुठून आला? हे नाव कुणी ठेवलं? आणि 'कृमिविवर' असा मराठी शब्द असताना तुम्ही अनुवादात 'वर्महोल' का लिहिता?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मला जरा टोचला. इंग्रजीतल्या विज्ञानकथा आणि विज्ञानावरची पुस्तकं मराठीत आणायचं काम मी तीसेक वर्षं करते आहे. सुरुवातीला मीही इमानेइतबारे 'कृमिविवर'च लिहीत होते. वर्म म्हणजे कृमी, होल म्हणजे विवर, झालं काम. एकदा दिवाळी अंकाला लेख दिला होता. प्रुफं वाचणाऱ्या काकांचा फोन आला, "ताई, मथळ्यात कृमिविवर आहे. हा लेख आरोग्याच्या पानांत लावायचा का?" ते चेष्टा करत नव्हते. कृमी म्हटलं की आपल्याला आठवते शाळेत मिळणारी जंताची गोळी, झोपेत दात खाणारं पोर आणि वावडिंगाचा काढा. त्या शब्दातून आकाशगंगेच्या पलीकडे निघायचं म्हणजे कठीणच.

मग 'वर्महोल' लिहायला लागले, तर त्याची वेगळीच गंमत. एका महाविद्यालयात बोलत होते, तिथे एका मुलीने विचारलं, "वर्म म्हणजे वर्मावर बोट ठेवतो तेच ना? विश्वाच्या वर्मावर पडलेलं भोक?" देवनागरीत लिहिल्यावर तसं वाचलं जाणारच. मी दोन क्षण गप्प राहिले. चूक होती, पण मूळ इंग्रजी नावापेक्षा सुंदर होती.

आता किडा.

इंग्रजीत हा शब्द भौतिकशास्त्राच्या फार आधीचा आहे. लाकडाला, पुस्तकाला, फळाला किडीने पाडलेलं भोक, एवढाच त्याचा अर्थ. शेक्सपिअरच्या १५९४ च्या ल्युक्रिसवरच्या काव्यात काळाची कामं मोजताना एक काम असं येतं, की भव्य स्मारकं किडीच्या भोकांनी भरून टाकणं. पाचव्या हेन्रीवरच्या नाटकात इंग्लंडचा दूत फ्रान्सच्या राजाला बजावतो, की आमच्या राजाचा हक्क हा कधीच्या सरून गेलेल्या दिवसांच्या किडक्या भोकांतून उकरून काढलेला नाही. दिवसांना पडलेली भोकं! याचा सापेक्षतावादाशी काडीचा संबंध नाही, तरी अनुवादक म्हणून मला ती ओळ सोडवत नाही.

बरं, त्या लाकडातला किडा हा कृमी नसतोच. इंग्लंडमधल्या घरांतलं फर्निचर पोखरणारा जो नेहमीचा भुंगेरा आहे, त्याची अळी तीन-चार वर्षं लाकडाच्या आत बोगदे काढत फिरते. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. मग अळीचा भुंगेरा होतो आणि तो जेमतेम एक-दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडून बाहेर पडतो. आपल्याला दिसतं ते हे भोक, म्हणजे बाहेर पडायचं दार. आतला सगळा प्रवास तोवर संपलेला असतो.

आपल्याकडे याला घुण म्हणतात. जुन्या पलंगाच्या पायाशी पिवळसर भुकटी पडलेली दिसली की घरातलं कुणीतरी म्हणायचं, "घुण लागला." आणि या घुणावरून आपल्याकडे एक न्याय आहे, घुणाक्षरन्याय. लाकूड पोखरता पोखरता घुणाच्या रेघोट्यांतून एखादं अक्षर उमटतं. घुणाला काही लिहायचं नव्हतं, त्याला अक्षर येत नाही, पण वाचणाऱ्याला तिथे 'ग' दिसतो. ध्यानीमनी नसताना साधून गेलेल्या गोष्टीला हा न्याय लावतात. वर्महोल या नावाची सगळी हकिगत या एका न्यायात बसते असं माझं मत आहे.

नाव ठेवलं जॉन आर्चिबाल्ड व्हीलर यांनी. प्रिन्स्टनमधले भौतिकशास्त्रज्ञ, फाइनमन यांचे गुरू, आणि नावं ठेवण्यात बिलंदर माणूस. (ब्लॅक होल हा शब्द त्यांनी घडवला नव्हता, पण १९६७-६८ च्या सुमारास तो जगभर रूढ केला तो त्यांनीच.) १९५७ साली त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी चार्ल्स मिस्नर यांनी 'अॅनल्स ऑफ फिजिक्स'मध्ये एक लांबलचक निबंध छापला. वर्महोल हा शब्द या अर्थाने त्यात पहिल्यांदा आला. त्या वाक्याचा ढंग मला फार आवडतो. ते म्हणतात, साधारण असं, की टोपॉलॉजीवाले या आकाराला 'हँडल' म्हणतील; भौतिकशास्त्रवाल्यांनी जरा ठसठशीत बोलून त्याला 'वर्महोल' म्हटलं तर कदाचित माफ करता येईल.

हँडल म्हणजे काय? कपाचा कान. टोपॉलॉजी ही आकारांच्या जोडणीचा विचार करणारी गणिताची शाखा. तिच्या लेखी कपाचा कान म्हणजे एका ठिकाणी कपाला चिकटून दुसऱ्या ठिकाणी पुन्हा कपाला चिकटलेली वाट. मुंगी कपाच्या अंगावरून वर चढेल, किंवा कानावरून. दोन्ही वाटा त्याच दोन जागा जोडतात. मराठी गणितज्ञाने नाव ठेवलं असतं तर विश्वाला कान फुटले असते आणि आज आपल्या विज्ञानकथांतले अंतराळवीर एका कानातून शिरून दुसऱ्या कानाने बाहेर पडले असते. उपदेशाची गत होते तशी.

पण या निबंधात कुणीही कुठेही प्रवासाला निघालेलं नाही. व्हीलर यांचं दुखणं वेगळंच होतं, विद्युतभाराचं. इलेक्ट्रॉनवर ऋण भार असतो म्हणतात. भार म्हणजे नेमकं काय? विद्युतक्षेत्राच्या रेषा एका बिंदूपाशी येऊन संपतात, तिथे भार आहे असं आपण मानतो. व्हीलर म्हणाले, त्या संपतच नसतील तर? समजा अवकाशालाच एक कान आहे. रेषा त्याच्या एका तोंडातून आत शिरतात, आतून जातात आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर पडतात. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आतली वाट दिसत नाही. त्याला एका जागी रेषा शिरताना दिसतात, तो म्हणतो इथे ऋण भार आहे. दुसऱ्या जागी त्या निघताना दिसतात, तो म्हणतो इथे धन भार आहे. प्रत्यक्षात भार कुठेच नाही, आहे ती फक्त वाकलेली रिकामी जागा. भाराशिवाय भार, असं त्यांचं घोषवाक्य होतं. दोनच वर्षांपूर्वी, १९५५ मध्ये, त्यांनी या दोन तोंडांच्या जागेचं चित्र काढलं होतं, तेव्हा त्याला हे नाव नव्हतं.

आणि हे कान केवढे? व्हीलर यांच्या मते अवकाश अतिशय बारकाईने पाहिलं तर असल्या भोकांनी सळसळत असलं पाहिजे. ते समुद्राचं उदाहरण देत. विमानातून समुद्र सपाट दिसतो, खाली उतरलात की लाटा दिसतात, अगदी जवळ गेलात की फेस. अवकाशाचा तो फेस ज्या पातळीवर दिसेल ती लांबी सेंटिमीटरच्या दशांश चिन्हानंतर बत्तीस शून्यं टाकून मग आकडा लिहावा इतकी लहान. त्यातून माणूस सोडाच, प्रोटॉनदेखील जायचा नाही. लाकडाला बाहेरून काही दिसू नये आणि आत सगळं पोखरलेलं असावं, हे किडीचं चित्र त्या फेसाला अगदी चपखल बसतं. म्हणून मी म्हणते, नाव ठेवताना व्हीलर यांच्यापुढे किडलेलं लाकूड होतं, दार नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग आइनस्टाइन? ज्याला 'आइनस्टाइन-रोझेन पूल' म्हणतात आणि आज वर्महोलच्याच घराण्यातला मानतात, तो या नावाच्या आधीचा आहे. १९३५ मध्ये प्रिन्स्टनलाच आइनस्टाइन आणि नेथन रोझेन यांनी 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये त्यावरचा निबंध छापला. त्यांनाही प्रवास करायचा नव्हता. सापेक्षतावादाच्या समीकरणांत जिथे किंमत अनंत होते ती जागा त्यांना नको होती. म्हणून त्यांनी अवकाशाचे दोन एकसारखे पत्रे घेतले, ते एका अरुंद पुलाने जोडले आणि म्हटलं, हा पूल म्हणजेच मूलकण. कण समजावा म्हणून पूल बांधला, पलीकडे जावं म्हणून नाही. तरी 'पूल' हा शब्द पडला आणि शब्द एकदा पडला की त्यावरून कुणीतरी चालायला लागतंच. २०११ च्या 'थॉर' चित्रपटात नॉर्स देवांचा इंद्रधनुष्याचा पूल बिफ्रॉस्ट हा आइनस्टाइन-रोझेन पूल असल्याचं सांगून टाकलं आहे. बिफ्रॉस्ट नावातला पहिला तुकडा 'थरथरणे' या अर्थाच्या क्रियापदाच्या धातूवरून आला असं बरेच अभ्यासक मानतात, म्हणजे थरथरती वाट. जुन्या काव्यांत तोच पूल 'बिलरॉस्ट' म्हणूनही येतो आणि मग तो धातू खरा की क्षणिक या अर्थाचा दुसरा, यावर वाद आहेत. थरथरता काय, क्षणिक काय, आइनस्टाइन आणि रोझेन यांच्या पुलाला दोन्ही विशेषणं लागू पडतात.

कारण १९६२ मध्ये खुद्द व्हीलर यांनीच रॉबर्ट फुलर यांच्याबरोबर हिशोब करून दाखवलं, की हा पूल कुणी ओलांडायच्या आत मधोमध आवळला जाऊन तुटतो. प्रकाशाचा किरणसुद्धा पलीकडे पोचत नाही.

हे समजावताना मी आंबा वापरते. इंग्रजी पुस्तकांत सफरचंद असतं: सफरचंदाच्या सालीवर चालणाऱ्या अळीला पलीकडे जायला अर्धा वळसा घालावा लागतो, आरपार पोखरलं तर वाट जवळची. ठीक आहे, पण आंब्याची गोष्ट जास्त खरी आहे. बाहेरून निर्दोष दिसणारा आंबा कापावा, कोय फुटावी आणि आतून काळपट भुंगा चालत बाहेर यावा, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. लहान मुलं हमखास विचारतात, हा आत शिरला कुठून? सालीला तर भोक नाही. उत्तर असं, की फळ अगदी कोवळं असताना मादी त्याच्यावर अंडं घालते, अळी गर पोखरत कोयीत शिरते आणि फळ वाढताना तिची वाट मागच्या मागे भरून येते. भोक होतं, ते मिटलं. फुलर आणि व्हीलर यांच्या वर्महोलचं असंच होतं, फरक इतकाच की इथे भुंगा कोयीपर्यंत पोचतो तरी. तिथे तो गरातच अडकून चिरडला जातो.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. नाव एका निबंधात, त्या नावाची वस्तू निरुपयोगी. पुढची वीसेक वर्षं या विषयाचं साधारण तसंच झालं.

मग १९८५ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांना एक अडचण आली. ते 'काँटॅक्ट' ही कादंबरी लिहीत होते. नायिकेला पृथ्वीवरून अभिजित ताऱ्यापाशी पोचवायचं होतं. अभिजित सव्वीसेक प्रकाशवर्षं दूर. त्यांनी तिला कृष्णविवरातून पाठवलं होतं. पण भौतिकशास्त्रात चूक राहू नये म्हणून हस्तलिखित कॅलटेक या अमेरिकन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्याकडे धाडलं. थॉर्न हे व्हीलर यांचेच शिष्य. लेकीचा पदवीदान समारंभ आटोपून परतताना, गाडी दुसरं कुणी चालवत असताना, मागच्या सीटवर त्यांनी ते वाचलं. कृष्णविवर चालणार नाही हे त्यांना लगेच कळलं, आत गेलेला माणूस कुठेही निघत नाही. वहीत आकडेमोड करून ते म्हणाले, वर्महोल वापर. फक्त ते मिटू नये म्हणून आत काहीतरी भरावं लागेल, त्याच्या भिंती बाहेरच्या बाजूला रेटून धरणारं.

कादंबरीकाराच्या विनंतीवरून सुरू झालेली ती आकडेमोड थॉर्न यांनी सोडली नाही. विद्यार्थी मायकल मॉरिस यांच्याबरोबर १९८८ मध्ये त्यांनी निबंध छापला, तोही 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स' या शिकवणाऱ्यांच्या नियतकालिकात, सापेक्षतावाद शिकवायला उपयोगी पडणारं उदाहरण म्हणून. ज्यातून माणूस जाऊ शकेल असं वर्महोल कसं असायला हवं, याच्या अटीच त्यांनी लिहून काढल्या. पलीकडे जायला फार काळ लागू नये, वाटेत अंग ताणलं जाऊन फाटू नये, वगैरे. एखाद्या इमारतीचे नियम असावेत तसे. विज्ञानकथांतलं दार खऱ्या अर्थाने या निबंधातून उघडलं. नावाला तेव्हा तीस वर्षं होऊन गेली होती.

आत भरायचं ते 'काहीतरी' काय, इथे मात्र गाडी अडते, आणि ती का अडते हे कळायला कोलकात्याला जावं लागतं. १९५५ मध्ये तिथले भौतिकशास्त्रज्ञ अमलकुमार रायचौधुरी यांनी एक समीकरण मांडलं, जगभर ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. त्याचा मथितार्थ असा, की नेहमीच्या पदार्थाचं गुरुत्वाकर्षण शेजारून जाणाऱ्या किरणांना एकमेकांकडे खेचतं. भिंगासारखं. गोळा करतं, पांगवत नाही. आता वर्महोलचा गळा डोळ्यांपुढे आणा. एका तोंडातून किरण जवळ येत येत आत शिरतात, गळ्यापाशी सर्वांत जवळ येतात आणि पलीकडे पुन्हा पांगतात. पांगवणार कोण? साधा पदार्थ हे करूच शकत नाही. म्हणून ऋण ऊर्जेचा पदार्थ लागतो, थॉर्न यांनी त्याला 'एक्झॉटिक' म्हटलं. ऋण ऊर्जा ही कवीकल्पना नाही. दोन धातूच्या पट्ट्या निर्वातात अगदी जवळ ठेवल्या तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातात, हे १९४८ मध्ये हेन्ड्रिक कासिमिर यांनी सांगितलं होतं, आणि त्या फटीतली ऊर्जा ऋण भरते. पण तिचं प्रमाण इतकं नगण्य, की तेवढ्यावर दार उघडं ठेवायचं म्हणजे काडेपेटीच्या काडीवर वाड्याचा दिंडीदरवाजा तोलून धरणं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या नरेश दाधीच यांनी सयन कर आणि इतरांबरोबर २००२ मध्ये वर्महोलवर काम केलं आहे. विषय मराठी वाचकाला वाटतो तितका परदेशी नाही.

आणखी एक गोष्ट, जी अनुवाद करताना सारखी आडवी येते. लेखक लिहितात, "त्याच्यासमोर एक गोल भोक उघडलं." कागदाला पेन्सिलने भोक पाडून दाखवायची सवय सगळ्यांना लागली आहे, त्याचा हा परिणाम. कागद द्विमितीचा, त्याचं भोक वर्तुळ. आपण त्रिमितीत राहतो, आपल्याकडचं भोक गोळा असणार. काचेची गोटी डोळ्यापुढे धरून खिडकीबाहेर पाहा, सगळं अंगण, तुळशीवृंदावन, वाळत घातलेली लुगडी, उलटी होऊन त्या गोटीत मावलेली दिसतील. आता असं समजा, की ते अंगण तुमचं नाहीच, दुसऱ्याच कुठल्या गावचं आहे, आणि गोटीच्या मागे फिरून गेलात तरी तुम्हाला तिची पाठ सापडत नाही, तिकडूनही त्याच गावाची दुसरी बाजू दिसते. वर्महोलचं तोंड तसं दिसेल. २०१४ च्या 'इंटरस्टेलर'मध्ये शनीजवळ तरंगणारा तो काचेचा गोळा याच हिशोबाने काढलेला आहे, थॉर्न यांच्या समीकरणांवरून. मराठीत 'दार' लिहिलं की वाचक उंबरा, चौकट आणि कडीकोयंडा लावून टाकतो. त्यामुळे मी ज्या जागी लेखकाने तोंड म्हटलं आहे तिथे तोंडच ठेवते.

आता पुन्हा शब्दाकडे.

'विवर' बद्दलची माझी मुख्य तक्रार किडीची नाही. 'कृष्णविवर' हा शब्द आपल्याकडे घट्ट रुजला आहे आणि चांगला आहे. जयंत नारळीकर यांची पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर' हीच. १९७४ च्या सुमारास मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेऊन. तिला पहिलं बक्षीस मिळालं. विवर म्हणजे एका तोंडाची जागा, पडलं की पडलं. कृष्णविवराला ते शोभतं. पण वर्महोलला दोन तोंडं असतात आणि त्याचा सगळा जीव त्या दुसऱ्या तोंडात आहे. दोघांनाही विवर म्हटलं की वाचकाला ती भावंडं वाटायला लागतात, आणि सेगन यांच्या पहिल्या खर्ड्यात झाली तीच गल्लत आपण शब्दातच करून बसतो. (जाता जाता: नारळीकरांच्याच 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये दुसऱ्या जगात जायला भोक, पूल, दार काहीच लागत नाही. रस्त्यावर ट्रकची धडक बसते आणि प्राध्यापक मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या जगात पोचतात.)

जर्मनांनी, फ्रेंचांनी, हिंदीवाल्यांनी किड्याचं शब्दशः भाषांतर केलं. हिंदीत 'कृमिछिद्र' आहे. ते बघून आपणही केलं. पण किडा हा व्हीलर यांच्या इंग्रजीतला योगायोग होता. कान, बोगदा, नळी, काहीही चाललं असतं. मराठीत आणायची असतील तर ती दोन तोंडं आणावीत.

आणि दोन तोंडांच्या, पोटात अंधार असलेल्या, एकीकडून शिरून भलतीकडेच बाहेर काढणाऱ्या वाटेला मराठीत शब्द आहे: भुयार. प्रत्येक गडावर एक भुयार असतं, निदान तिथला माणूस ते असल्याचं सांगतो, आणि ते नेहमी आत्ता बंद असतं. "इथून निघायचं ते थेट नदीपलीकडच्या देवळात," असं सांगून तो एका बुजलेल्या खबदाडाकडे बोट दाखवतो. लहानपणी कुठल्याही किल्ल्यावर गेलेल्या मराठी माणसाच्या मनात वर्महोल हे असं आधीच बसलेलं असतं: जवळची वाट, दोन तोंडं, शत्रूला ठाऊक नसलेली, आणि मधेच ढासळलेली. फुलर आणि व्हीलर यांचा निष्कर्ष गडावरच्या वाटाड्याला मुळीच नवा वाटणार नाही.

आणखी मागे जायचं तर वाल्मीकींपाशी जाता येतं. किष्किंधाकांडात सीतेच्या शोधात निघालेले वानर तहानेने व्याकुळ होतात आणि त्यांना एक बिळाचं तोंड दिसतं. नाव ऋक्षबिल. आत पाणी असेल हे हनुमान कशावरून ओळखतो? आतून पक्षी बाहेर येत असतात, चक्रवाक, आणि त्यांची अंगं पाण्याने भिजलेली, कमळाच्या परागांनी लाल झालेली असतात. दुसऱ्या जगाचा याहून सुंदर पुरावा मी कुठल्याही विज्ञानकथेत वाचलेला नाही. वानर एकमेकांना धरून योजनभर अंधारात चालत जातात, पुढे सोन्याची झाडं, मयाने रचलेलं वन, आणि तिथे राखण करणारी तापसी स्वयंप्रभा. आत जिवंत शिरलेल्याला बाहेर पडणं कठीण, असं ती सांगते. मग डोळे मिटून घ्यायला लावते आणि डोळे उघडेपर्यंत सगळे बाहेर असतात. पण सुग्रीवाने दिलेली महिन्याची मुदत तेवढ्यात बिळातच उलटून गेलेली असते.

म्हणून वाल्मीकींना वर्महोल माहीत होतं, असलं काही मी म्हणत नाही आहे, कृपा करून तसं पुढे पाठवू नका. भिजलेल्या चक्रवाकांना सापेक्षतावादाची गरज नाही. मला यातून फक्त शब्द हवा आहे. 'बिल' म्हणजे आपलं बीळ, आणि उंदराचं बीळ पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं की त्याला दुसरीकडे कुठेतरी तोंड असतंच. एक बुजवलं की घूस दुसऱ्यातून निघते. विवरापेक्षा बीळ मला केव्हाही चालेल.

तर माझा रिवाज सध्या असा आहे. विज्ञानावरचं पुस्तक असेल, समीकरणं-आकृत्या असतील, तर 'वर्महोल' देवनागरीत, कारण वाचक पुढे जाऊन तोच शब्द शोधणार आहे. कथा असेल आणि निवेदक शास्त्रज्ञ असेल तरीही वर्महोल. पण कथेतली पात्रं आपसांत बोलत असतील, त्यांनी त्या वाटेने दहादा ये-जा केली असेल, तर ती काही प्रत्येक वेळी पारिभाषिक शब्द उच्चारणार नाहीत. पुण्याची माणसं द्रुतगती महामार्ग म्हणतात का? ती एक्स्प्रेस वे म्हणतात. तशी ही पात्रं मग 'भुयार' म्हणतात: "भुयाराच्या तोंडाशी भेट", "भुयार आज बंद आहे". पहिल्यांदा येईल तिथे एकदा वर्महोल, पुढे भुयार.

आत्ता हातात असलेल्या कादंबरीच्या खर्ड्यात असं एकोणीस ठिकाणी आहे. परवा संपादकांकडून पानं परत आली. पहिल्या 'भुयार'भोवती लाल गोल आणि समासात लिहिलं आहे, "हा किल्ल्यावरचा शब्द नाही का?" त्याखाली मी पेन्सिलने "होय" लिहिलं आणि पानं तशीच परत पाठवली.